हिरव्या शब्दाचा खोटा अर्थ

सरांनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तेवढ्या वर्षांत 'मला माहीत नाही' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. सगळं माहीत होतं असं नव्हे. पण एखाद्या मुलानं अडचणीचा प्रश्न विचारला की सर खडू खाली ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि असं काही सांगायचे की विचारणारा खूश होऊन खाली बसायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. आवाज भारदस्त आणि फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे थाप असेल असा संशय कुणाला यायचा नाही. मुलं मागून त्यांना 'सर्वज्ञ' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. त्यातला टोमणा वगळला तर बाकीचं त्यांना आवडायचंही.

त्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल, तर त्यांच्या धाकट्या बहिणीचा. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी गोल आणि गप्प होती म्हणून घरात तिला ठकी म्हणत. पन्नाशी उलटली तरी भावाच्या तोंडी ती ठकीच राहिली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सर नववीत होते आणि ठकी सातवीत. आई कामाला जायची, घरी कुणीतरी बसायला हवं होतं. कुणी बसायचं, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. ठकीनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि ते तिथंच राहिलं.

वडिलांच्या उशाशी बसून दिवस जायचा नाही, म्हणून ती रिकाम्या डब्यांत फांद्या खोचायला लागली. तिनं खोचलेली फांदी जगायची. शेजारणी यायच्या, एखादं रोप मागून न्यायच्या. पुढं लग्न झालं, एक मुलगी झाली, नवरा लवकर गेला, आणि डबे खोचणारी ठकी बसडेपोच्या मागच्या पडीक तुकड्यावर हिरवी जाळी ताणून रोपं विकायला लागली. गुलाबाची कलमं, लिंबू, जास्वंद, नेचे, वेली. तिची एक ख्याती होती. गिऱ्हाईक कितीही हौशी असलं तरी ती त्याला आधी घराची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारायची आणि मग सरळ म्हणायची, हे तुमच्याकडे जगणार नाही, नेऊ नका. पानांवर न ओळखू येणारी कीड दिसली तर म्हणायची, मला नाही कळत, दोन दिवस ठेवून जा, बघते. असं बोलून धंदा बुडायला हवा होता. तो वाढला.

परवान्याच्या कागदावर धंद्याचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ती कागद घेऊन भावाकडे आली. सर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, त्यांची बायको खाली बसून भाजी निवडत होती. ठकीनं सांगितलं की सगळ्यांच्या पाट्यांवर ग्रीन अमुक आणि ग्रीन तमुक आहे, तिला दुसऱ्या कुणाकडे नसेल असा इंग्रजी शब्द हवा. सरांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, 'व्हर्ड्युअर'. दाट, ओली, डोळे निववणारी हिरवाई. कुठलं एक झाड नाही, सगळी मिळून जी हिरवळ दिसते ती.

इथवर सगळं बरोबर होतं. ठकीनं शब्द तीनचार वेळा तोंडात घोळवला आणि मग विचारलं, "पण दादा, ह्याला असं का म्हणतात? कुठून आला हा?"

सरांना माहीत नव्हतं. कोश मागच्या फळीवर होता, उठून हात वर केला असता तर मिळाला असता. पण ठकी जमिनीवर बसून त्यांच्याकडे मान वर करून बघत होती. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. 'व्हर्डिक्ट' म्हणजे खरं बोललेलं, त्यातला 'व्हर' खऱ्याचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. 'एन्ड्युअर' म्हणजे टिकणं, हेही. त्यांनी दोघांना एकमेकांना चिकटवलं.

"व्हर म्हणजे खरं," ते म्हणाले, "आणि ड्युअर म्हणजे टिकणारं. जे खरं असतं ते टिकतं, आणि जे टिकतं तेच हिरवं राहतं. फार जुना शब्द आहे."

ठकीचे डोळे भरून आले. हे तर माझंच झालं की, असं ती म्हणाली आणि घाईनं उठून गेली. जणू जास्त वेळ थांबलं तर शब्द परत मागतील.

महिन्याभरात पाटी लागली. वर मोठ्या अक्षरांत 'व्हर्ड्युअर रोपवाटिका' आणि खाली 'खरं ते टिकतं'. रोपाच्या प्रत्येक पिशवीला जी चिठ्ठी असायची, तिच्यावरही तेच. कुंड्या भरायला येणाऱ्या मातीवाल्या मावशी नावाला 'वर्दूर' म्हणायच्या, आणि झारी घेऊन दिवसभर वाफ्यांतून फिरणारी दुसरी बाई, जिला सगळे झारीवाली म्हणत, तीही वर्दूरच म्हणायची. पण अर्थ मात्र दोघींना तोंडपाठ होता. नवीन गिऱ्हाईक पाटीकडे बघत थबकलं की मावशी मातीचे हात कमरेवर ठेवून सांगायच्या, व्हर म्हणजे खरं.

सर दर रविवारी तिथं जायचे. जाळीखाली त्यांची एक खुर्ची होती. ठकी त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवायची आणि ते आपल्या सुबक अक्षरात रोपांची नावं लिहून द्यायचे. एकदा एक गिऱ्हाईक त्यांच्याच समोर आपल्या मुलीला तो अर्थ समजावून सांगायला लागलं, तेव्हा सर लिहिता लिहिता थांबले. घरी जाऊन कोश बघायचा असं त्यांनी ठरवलं. बघितला नाही. बघितलं तर कळणार, आणि कळलं तर सांगावं लागणार. कोश त्याच फळीवर अकरा वर्षं होता.

मग बागकाम शिकवणाऱ्या कॉलेजनं ठकीचा सत्कार करायचं ठरवलं. पत्र आलं तेव्हा तिला खरंच वाटेना. तिनं ते भावाकडून दोनदा वाचून घेतलं. भाषण करावं लागेल म्हणून तिची पाचावर धारण बसली होती. सरांनी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाली, आपलं आपण बोलू, अडखळू ते अडखळू.

सभागृहात शेदीडशे मुलं होती. सर आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत, शेजारी भाची. ठकी इस्त्रीच्या साडीत अवघडून उभी राहिली, पहिल्या दोन वाक्यांना ती अडखळली, पण रोपांवर आली तशी ती सुटली. कलम बांधताना सुतळी किती ओढायची, हे तिनं स्वतःच्या बोटाला पदर गुंडाळून दाखवलं. मुलं हसली, तीही हसली. शेवटी तिनं नावाची गोष्ट सांगितली. व्हर म्हणजे खरं, ड्युअर म्हणजे टिकणारं. टाळ्या पडल्या.

प्रश्नोत्तरांत कॉलेजातल्या भाषेच्या मॅडम उठल्या. तिशीच्या असतील. त्यांनी आधी भाषणाची मनापासून तारीफ केली. मग जरा संकोचून म्हणाल्या की मुलांच्या मनात चुकीचं राहू नये म्हणून सांगते, हा शब्द खऱ्यावरून आलेला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तिथं 'व्हर्ड' म्हणजे हिरवा, आणि त्याच्याही मागं लॅटिनमधला हिरव्या रंगाचा शब्द आहे. खऱ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. हा अर्थ तुम्ही कुठं वाचलात?

मागच्या रांगांत खसखस पिकली. ठकीनं भावाकडे बघितलं. एकदाच, क्षणभर. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आठवत नाही हो," ठकी माईकमध्ये म्हणाली. "माझीच काहीतरी गल्लत झाली असणार. मी काही फार शिकलेली नाही."

तिथं ते संपलं असतं. पण प्राचार्यांना वातावरण सांभाळायची हौस आली. आपल्यात इंग्रजीचे जाणकार सर बसलेले आहेत, ताईंचे बंधूच, त्यांनाच विचारू या, असं ते म्हणाले आणि कुणीतरी माईक सरांच्या हातात आणून दिला. सर उभे राहिले. मान वळवून त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. पुढं जे झालं ते करायचं असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं, हे ते पुढं कितीदा तरी स्वतःला सांगणार होते. पण आवाज त्यांचाच होता, आणि नेहमीसारखा भारदस्त होता.

"मॅडम अगदी बरोबर सांगताहेत," ते म्हणाले. "शब्द हिरव्यावरूनच आला आहे." आणि मग हसून, "आमच्या ठकीला लहानपणापासून गोष्टी रचायची फार हौस."

सगळं सभागृह हसलं. या वेळचं हसणं मोकळं होतं, कारण ते घरच्याच माणसानं सुरू करून दिलं होतं. ठकीही हसली. तिनं हसताना मान खाली घातली आणि मानचिन्ह दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. सर खाली बसले तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. बायकोनं मात्र त्यांच्याकडे बघितलं नाही. भाजी निवडत ती त्या दिवशी तिथंच बसली होती.

परत येताना रोपं वाहायच्या गाडीत सगळे दाटीनं बसले. भाची गाडी चालवत होती. ठकी वाटेत एवढंच बोलली की नेच्यांना आज दुपारचं पाणी द्यायचं राहिलं, आणि सरांचं घर आल्यावर सवयीनं म्हणाली, "दादा, जपून उतर, पायरी उंच आहे." तिनं काही सुनावलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. त्या पायरीवरून उतरताना आपण मेल्याहून मेलेले आहोत असं त्यांना वाटलं.

घरात आल्यावर बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "ते तुम्हीच सांगितलं होतंत ना तिला?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात की काय. विसरला असतात तर बरं झालं असतं." एवढं बोलून ती आत गेली, आणि पुढं तिनं तो विषय कधी काढला नाही.

त्यांनी कोश काढला. धूळ झटकून पान उघडलं. मॅडम म्हणाल्या ते सगळं तिथं होतं. फ्रेंचमधला हिरवा, त्यामागं लॅटिनमधला 'व्हिरिडिस', म्हणजे हिरवा, ताजा, आणि त्यामागं हिरवं होणं असं क्रियापद. त्याच्याही पलीकडे काय, तर कोशानं लिहिलं होतं, उगम अनिश्चित. सर त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिले. एवढा जाडजूड ग्रंथ, कितीतरी विद्वानांनी मिळून रचलेला, आणि त्याला माहीत नव्हतं तिथं त्यानं माहीत नाही म्हणून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी ते रोपवाटिकेत गेले. सगळं कबूल करायचं असं ठरवून गेले. जाळीखाली मातीवाल्या मावशी आणि झारीवाली समोरासमोर बसून पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून नखांनी खरवडत होत्या. दोघींच्या मध्ये ओल्या कागदाचा ढीग झाला होता. सरांना बघून मावशींनी नेहमीसारखं 'या' म्हटलं, पण त्यांच्या आवाजात एक प्रकारची काळजी होती. जणू सरांच्या घरात काहीतरी वाईट घडलं आहे आणि ते सरांना लागू नये. मावशी म्हणाल्या की ताईंचं काहीतरी ऐकण्यात चुकलं म्हणे, तुम्हाला किती ओशाळं झालं असेल भरसभेत.

सर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. ठकी मागच्या वाफ्यात होती. भाची कात्री घेऊन वेल छाटत होती, ती हात न थांबवता म्हणाली, "मामा, आईनं मला सांगितलंय, तुम्हाला काही बोलायचं नाही म्हणून. म्हणून मी बोलत नाहीये."

सरांनी पट्ट्या लिहायला घेतल्या. 'शेवंती'तल्या वेलांटीचा फाटा पट्टीबाहेर गेला. अर्ध्या तासानं बायकोला डॉक्टरकडे न्यायचं आहे असं सांगून ते उठले. म्हणजे आणखी एक थाप. ठकी वाफ्यातूनच म्हणाली, "वहिनीला काय झालं?" आणि सर म्हणाले, "विशेष काही नाही," आणि पळाल्यासारखे बाहेर पडले.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते गेलेच नाहीत. चौकात जुने विद्यार्थी भेटले की नमस्कार करायचे, आणि सरांना तो नमस्कार अंगावर खाजेसारखा वाटायचा. रस्ता बदलून ते मागच्या गल्लीनं बाजारात जायला लागले. आयुष्यभर किती मुलांना, किती शब्दांचे असे अर्थ सांगून मोकळे झालो, याची मोजदाद करत बसायचे. काही आठवायचे. त्यांतले काही त्या मुलांनी आपल्या मुलांना सांगितले असतील, हेही आठवायचं.

अनोळखी माणसापुढे तोंड उघडणं सोपं जाईल म्हणून ते एका दुपारी कॉलेजात गेले आणि भाषेच्या मॅडमना भेटले. कर्मचाऱ्यांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. सरांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तो अर्थ बहिणीनं रचलेला नव्हता, मी रचलेला होता.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की त्या दिवसापासून त्यांनाही चैन नव्हतं. एवढ्या लोकांत चूक काढायला नको होती असं वाटून त्या मागच्या आठवड्यात माफी मागायला रोपवाटिकेत जाऊन आल्या होत्या. "तर त्या म्हणाल्या, तुम्ही बरोबर केलंत, मुलांना खोटं कशाला शिकवायचं. आणि म्हणाल्या, नशीब माझा भाऊ तिथं होता, त्यानं वेळेवर सावरून घेतलं." मॅडमनी समोरचा गठ्ठा बाजूला सारला. "सर, मला तेव्हाच शंका आली होती. कारण हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या."

सरांनी त्यांच्याकडे पाच मिनिटं मागितली. पुढच्या कार्यक्रमात, त्याच सभागृहात, त्याच मुलांपुढे उभं राहून सांगतो म्हणाले. मॅडम म्हणाल्या की व्यवस्था करता येईल, पण ताईंना विचारलंत का? सरांनी विचारलेलं नव्हतं.

तिथून ते सरळ रोपवाटिकेत गेले. कामाचा दिवस होता, गिऱ्हाईक नव्हतं. ठकी उलट्या बादलीवर बसून गुलाबाचं कलम बांधत होती. सर खुर्चीवर बसले नाहीत. तिच्यासमोर मातीतच बसले, आणि गुडघ्यातून कळ आली तरी बसून राहिले.

"ठके, मी तुला खोटं सांगितलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा मला माहीत नव्हतं तो शब्द कुठून आला. माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. आणि त्या दिवशी सभेत..."

ठकीनं सुतळीला गाठ मारली, टोक दातांनी तोडलं.

"अर्थ चुकीचा सांगितलास त्याचं मला काही नाही वाटलं," ती म्हणाली. "माणूस चुकतो. तू गप्प बसला असतास तरी मी म्हटलं असतं, घाबरला असेल. पण तू उठून उभा राहिलास रे. मला वाटलं, आता हा सांगणार." तिनं हात पदराला पुसले. "आणि तू सगळ्यांना हसवलंस."

सभागृहात उभं राहून सगळं कबूल करायचा बेत सरांनी तिला सांगितला. तिला बरं वाटेल अशी त्यांची कल्पना होती. ठकी एकदम सावध झाली.

"नको. लोक विसरलेत आता. तू जाऊन पुन्हा आठवण करून देणार. मग ती मुलं म्हणणार, सर किती मोठ्या मनाचे. टाळ्या पुन्हा तुलाच." ती पहिल्यांदाच कडू बोलत होती आणि तिलाच ते जड जात होतं. "तुला हलकं वाटावं म्हणून मला परत त्या खोलीत नेऊ नकोस, दादा."

हे सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉलेजातून येताना ते मनात भाषणाची वाक्यंही जुळवत आले होते, आणि त्यांतलं एक वाक्य त्यांना फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं, हे आता आठवून त्यांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

मग काय करू, असं त्यांनी विचारलं. हे मात्र त्यांनी खरोखर विचारलं. ठकीनं मान वळवून पाहिलं. जाळीच्या त्या टोकाला मावशी आणि झारीवाली जेवायला बसल्या होत्या, भाची हात धूत होती.

"त्यांना सांग," ती म्हणाली. "अकरा वर्षं त्या बायका ते म्हणत होत्या. त्या सभेनंतर मावशी पाटीकडे बघत नाहीत. त्यांना वाटतं, आपल्या ताईनं येणाऱ्याजाणाऱ्याला फसवलं."

शेदीडशे मुलांपुढे बोलायला सर तयार होते. या तिघींपर्यंत चालत जाणं मात्र त्यांना अवघड वाटलं. इथं व्यासपीठ नव्हतं, माईक नव्हता, डबे उघडे होते. त्यांनी उभं राहून सांगितलं की शब्दाचा अर्थ ताईंनी रचला नव्हता, मी रचला. ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. सभेत मी खोटं बोललो आणि तिच्यावर ढकललं.

झारीवालीचा घास हातातच राहिला. भाचीनं नळ बंद केला आणि पाठमोरी उभी राहिली. मावशींनी सरांकडे नीट निरखून पाहिलं, नवीन आलेल्या रोपाचं पान उलटून बघावं तसं.

"मग आम्ही एवढ्या चिठ्ठ्या खरवडल्या त्या कुणापायी?" त्या म्हणाल्या.

"माझ्यापायी," सर म्हणाले.

"आणि खरा अर्थ काय आहे?"

"हिरवा. नुसता हिरवा. त्याच्या आधी काय होतं ते मला माहीत नाही. कोशातही नाही."

मावशींनी मान डोलावली, आणि डबा झाकत म्हणाल्या की राहिलेल्या चिठ्ठ्या मग तुम्हीच खरवडा. त्यांनी ते गमतीनं म्हटलं की रागानं, ते सरांना कळलं नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत पिशव्या पुसत बसले. चांगल्या अक्षराच्या त्या बोटांची नखं मातीनं भरली. दोन दिवसांनी शिडी लावून त्यांनी पाटीवरची खालची ओळही स्वतःच घासून काढली. खाली बसडेपोचा रस्ता होता, दोनतीन जुने विद्यार्थी थांबले, सर, हे काय करताय म्हणाले. मी चुकीचं सांगितलेलं होतं, ते पुसतोय, असं सर म्हणाले. एकाला ते विनयाचं बोलणं वाटलं आणि तो हसत निघून गेला. त्याला परत बोलावून खरं काय ते पटवून द्यायची इच्छा सरांनी दाबली.

वरचं नाव ठकीनं तसंच ठेवलं. हिरवं तर हिरवं, खोटं काय आहे त्यात, असं ती म्हणाली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं म्हणता येणार नाही. सर पुन्हा रविवारी जायला लागले, खुर्चीही रिकामी असायची, चहाही मिळायचा. पण पूर्वी ठकी प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायची. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, सरकारी कागदातल्या ह्या शब्दाचा अर्थ काय. आता ती विचारत नव्हती. भाची बोलायला लागली, पण 'मामा' म्हणायच्या आधी एक क्षण थांबायची. तो क्षण सर दर वेळी मोजायचे.

दोन महिन्यांनी त्यांना बायकोकडून कळलं की ठकीनं इंग्रजीची शिकवणी लावली आहे. कॉलेजातल्या मॅडम आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रोपवाटिकेत येतात, बदल्यात नेचे घेऊन जातात. सरांना आधी राग आला, मग राग कसला आला ते कळलं. ते नोकरीला लागले त्या वर्षी ठकीला म्हणाले होते की आता तुला मी शिकवणार, रोज एक तास. एकही तास झाला नव्हता. तिनंही कधी आठवण करून दिली नव्हती.

एका रविवारी मॅडम सवड काढून सकाळीच आल्या. जाळीच्या मागं पत्र्याची छोटी खोली होती, तिथं दोघी बसल्या. सर बाहेर खुर्चीत पट्ट्या लिहीत होते. पत्र्याआडून ठकीचा आवाज येत होता, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचावं तसा. एका शब्दावर ती अडली. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. शब्द सोपा होता, सरांच्या ओठांवर आला होता. त्यांनी पेन घट्ट धरलं आणि पुढची पट्टी ओढली.

"हा नाही येत मला, मॅडम," आत ठकी म्हणाली, अगदी सहज. "सांगा."

मॅडमनी सांगितला. ठकीनं तो म्हणून बघितला, जरा चुकला, पुन्हा म्हटला. सर लिंबाच्या पट्ट्या लिहीत राहिले. चाळीस पट्ट्या होत्या आणि मावशी पिशव्या भरून वाट बघत उभ्या होत्या.